आंधळीच्या तोंडाशी

वहाबचाचा नहरीत उतरायच्या आधी चपला काढायचे आणि त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. वरून साहेब ओरडत असो, पाणी तुंबून मोहल्ल्यात बोंब उठलेली असो, हे चुकायचं नाही. काठावर बसून आधी उजवी काढायची, मग डावी. दोन्ही जोडून, अंगठे शहराकडं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ओव्हरसेर साहेब, पाय तर आत जातात. चपलांना तरी घरचा रस्ता दिसत राहायला पाहिजे ना?"

मी हसलो होतो. त्या वयात मी नको त्या गोष्टींना हसायचो, आणि ज्यांना हसायला हवं होतं त्यांच्यापुढं गंभीरपणे मान डोलवायचो. वर्षभरानं त्याच चपला मला माझ्या हातानं वळवून ठेवाव्या लागतील हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यालाही हसलो असतो.

निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. मी औरंगाबादजवळच्या कन्नड गावचा. हैदराबादेहून ओव्हरसियरचं सर्टिफिकेट घेऊन आलो आणि औरंगाबादेत तामिरातीत, म्हणजे सरकारच्या बांधकाम खात्यात, चिकटलो. वडलांनी ते सर्टिफिकेट काचेत मढवून दिलं होतं. मी ते पहिल्या दिवशी कचेरीत घेऊन गेलो, भिंतीला टांगावं म्हणून. खिळा ठोकताना भिंतीचा पोपडा निघून मोहतमीमसाहेबांच्या चहात पडला. मोहतमीम म्हणजे आमच्या खात्याचे मोठे साहेब. त्यांनी तो चमच्यानं बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी माझी नेमणूक नहरीवर झाली.

औरंगाबादच्या लोकांना नहर सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी कित्येक पिढ्यांपूर्वी कुणीतरी जमिनीखालून शहरात आणून ठेवलंय. कुठं खापराचे नळ, कुठं माणूस वाकून जाईल एवढा चुनेगच्ची बोगदा. मध्ये मध्ये विहिरीसारखी तोंडं, त्यांवर दगडी झाकणं. वर बाजार, बागा, मशिदी, देवळं, माणसांची भांडणं आणि लग्नं. खाली पाणी अंधारातून गुपचूप चाललेलं. झाडांची मुळं नळांत शिरून दाढीसारखी वाढायची, गाळ बसायचा. उन्हाळ्याआधी वरचं पाणी अडवून माणसं आत उतरायची आणि ते सगळं ओढून काढायची. या माणसांचे दारोगा म्हणजे वहाबचाचा. आणि चाचांवर देखरेख करायला सरकारनं मला पाठवलं होतं. सरकारला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

चाचा बुटके, मानेला जाड, मेंदी लावलेल्या दाढीचे. गुडघ्यांना उंटासारखे घट्टे. अंगाला कायम ओल्या खापराचा वास. जुम्म्याला अत्तर लावून आले तरी अत्तराच्या खालून तो यायचाच. बोगद्यात चालताना उजवा हात पुढं, पण उलटा. तळवा आपल्याकडं आणि हाताची पाठ अंधाराकडं. "तळवा लालची असतो," म्हणायचे, "मिळेल ते पकडतो. पाठ फक्त विचारते, कोण है?" 

त्यांचा शब्द एकच. 'होतंय.' 

कुठलंही काम सांगा, सांगणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत, "होतंय." 'नाही' हा शब्द त्यांच्या मराठीत नव्हता आणि 'नक्को' त्यांच्या दखनीत नव्हतं. कुणाला मनाई करायची झाली तरी त्या शब्दांना वळसा घालून जायचे. आणि हे 'होतंय' काही ज्ञानातून आलेलं होतं असं समजू नका. कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा चाचा स्टुलावर चढले. घड्याळ त्यांनी जन्मात उघडलेलं नव्हतं. दुपारभर खाटखुट चालली, शेवटी दोन चाकं हातात उरली. ती त्यांनी सरळ खिशात टाकली आणि घड्याळ चालू केलं. आणि ते चाललं! वेळ सोडून बाकी सगळं दाखवायला लागलं. भर दुपारी मध्यरात्रीचे ठोके द्यायचं. पण बंद म्हणून कुणी त्याला नावं ठेवायची सोय उरली नाही. चाचा रोज येता-जाता त्याच्याकडं बापाच्या नजरेनं बघायचे.

"चाचा, हे बरोबर नाही दाखवत," मी म्हणालो.

"चालतंय ना? बरोबर दाखवणं ही पुढची गोष्ट आहे."

हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान होतं. आधी 'होतंय' म्हणायचं, रस्ता मागून येतो.

माणसंही ते असेच निवडायचे. साफसफाईचा हंगाम जवळ आला की गावोगावची माणसं कामाला यायची. चाचा एकेकाला नहरीच्या तोंडाशी उभं करायचे, झाकण सरकवायचे आणि विचारायचे, "होईल का?" दंड बघायचे नाहीत, छाती बघायचे नाहीत. ज्यानं आधी भोकाकडं पाहिलं आणि मग उत्तर दिलं, तो परत. ज्यानं चाचांच्या डोळ्यांत बघत "होतंय" म्हटलं, तो आत. 

"भोकाकडं बघून जो बोलतो तो भोकाचं उत्तर देतो," ते मला म्हणाले. "मला माणसाचं उत्तर पाहिजे."

मलाही विचारलं होतं, गमतीनं. मी भोकाकडं इतका वेळ पाहत राहिलो की शेवटी चाचांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. 

तरी एकदा मी उतरलो. मोहतमीमसाहेबांनी विचारलं होतं की ओव्हरसियरनं काम आतून पाहिलंय का, आणि मी हो म्हणून बसलो होतो. मग खरं करणं आलं. आत वरून पाणी ठिबकतं असं ऐकलेलं, म्हणून मी छत्री घेतली. होय, छत्री. वडलांची जुनी, खटका सैल झालेली. चाचांनी छत्रीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुढं निघाले. बोगदा अरुंद झाला, मी वाकलो, छत्री कुठंतरी आपटली, खटका सुटला आणि वडलांची छत्री त्या बोगद्यात फुलली. काड्या दोन्ही भिंतींत रुतल्या. माझ्या हातातला कंदील पडून विझला. पुढं छत्री, मागं अंधार, मध्ये मी. मी ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. छातीवर कुणी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. मला स्वच्छ कळलं की मी इथं मरणार, आणि छत्रीसकट सापडणार. लोक काय म्हणतील, हा विचारही मनात आला. 

पलीकडून चाचांचा आवाज आला, अगदी ओट्यावर बसल्यासारखा. "ओव्हरसेर साहेब, जागेवर राहा. आता पुढं बघा. उजेड दिसतोय का? बारीक. डाव्या हाताला."

मी पाहिलं. आणि तुम्हाला सांगतो, मला दिसला. सुतासारखा पिवळट उजेड. छातीवरचा गुडघा निघाला. मी छत्री मोडली, तुडवली आणि त्या उजेडाकडं रांगत सुटलो. पुढच्या तोंडाशी पोचलो तर वर दगडी झाकण घट्ट बसवलेलं. सुई शिरेल एवढीही फट नाही. 

"चाचा, उजेड कुठाय?"

"उजेड असता तर माझी काय गरज होती?" असं म्हणून त्यांनी खांद्यानं झाकण उचललं.

वर आल्यावर मी रडलो की हसलो ते आठवत नाही. चाचांच्या घरी चाचींनी मला नान-कलिया खाऊ घातला. छत्रीची हकीगत चाचींना सांगताना चाचा इतके रंगले की छत्री हळूहळू तंबूएवढी झाली. निघताना चाची दारात मला हळूच म्हणाल्या, "बेटा, ये सबको बोलते, आगे उजाला है. इनको कौन बोलता?" 

मला तेव्हा तो नवऱ्याच्या कौतुकाचा प्रश्न वाटला.

चाचा दोरी वापरत नसत, हे सांगायचं राहिलं. कमरेला दोरी बांधून वर माणूस उभा करावा असा सरकारी नियम होता. दोरीचं भेंडोळंही सरकारनं दिलं होतं. चाचींनी ती दोरी अंगणात बांधून तिच्यावर गोधड्या वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत. "दोरी बांधली की माणूस दोरीवर भरोसा ठेवतो," चाचा म्हणायचे. "मग त्याचा स्वतःवरचा कमी होतो. भरोसा काय दोन माणसांना पुरेल एवढा असतो का?" 

आणि हे पटायचं. त्यांच्या तोंडून काहीही पटायचं. मी हैदराबादेला शिकलेला माणूस, पण ते बोलायला लागले की माझ्या पुस्तकांतली पानं आपोआप मिटायची.

फक्त एका जागी चाचा बोलायचे नाहीत.

बेगमपुरा मोहल्ल्याच्या पलीकडं, चिंचेच्या झाडांत, नहरीची एक शाखा होती. तिला 'आंधळी' म्हणायचे. तिच्यात पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. तिच्या तोंडावरचं झाकण कडेनं मुळांनी शिवून टाकल्यासारखं झालं होतं. गाढवंसुद्धा त्या सावलीत उभी राहत नसत. खरं तर तिथं गवत नव्हतं म्हणून, पण बघणाऱ्याला तसं वाटायचं नाही. तिथून जाताना चाचांची बडबड थांबायची. एकदा मी छेडलं, "काय चाचा, इथं नाही का होत?" चाचांनी बराच वेळ पावलं मोजल्यासारखं चालून मग सांगितलं, की त्यांचे वडील, तेही दारोगा, तरुण वहाबला घेऊन एकदा या तोंडाशी आले होते. झाकण काढलं. वडिलांनी आत वाकून वास घेतला, आणि तोंड फिरवून घरी निघून गेले. का, ते कधी बोलले नाहीत.

"वालिदांना मी तेवढं एकदाच बघितलं, तोंड फिरवताना," चाचा म्हणाले. आणि लगेच मोठ्यानं, "चला, चहा पाजा!"

मी पाजला. पण मला एक गोष्ट त्या दिवशी दिसली. चाचांचं ते मोठं थोरलं 'होतंय' एका भोकाभोवती बांधलेलं होतं. बाकी सगळीकडं ते उतरायचे ते या एका जागी उतरले नव्हते म्हणून. 

आता तुळशीराम. 

तुळशीराम आमच्याच बाजूचा, कन्नडजवळच्या खेड्यातला. उंचापुरा, बैलासारखा, आणि सशासारखा भित्रा. चाचांनी पहिल्या वर्षी त्याला तोंडाशी उभं केलं, तर त्यानं भोकाकडं पाहिलं आणि म्हणाला, "लई खोल हाय वो." परत पाठवला. दुसऱ्या वर्षी पुन्हा आला. पुन्हा भोकाकडं बघितलं. परत. पण घरी गेला नाही. गाळाच्या पाट्या वाहायला राहिला. चाचांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याला घडवायचं मनावर घेतलं. आधी नुसतं तोंडाशी बसायला लावलं. मग पाय सोडून बसायला. मग एक दिवस स्वतः आत उतरून खालून हाक मारली, "तुळश्या, पुढं उजेड आहे, ये!" आणि तो आला.

मग त्याला ते व्यसनच लागलं. बोलणं चाचांसारखं, चालणं चाचांसारखं, बोगद्यात हात उलटा. वहाणा काढून तोंडं बाहेर. मला येता-जाता म्हणायचा, "ओव्हरशेर साहेब, उतरता का? छत्री देतो की!" चाचांना कोण अभिमान. "बघा, भित्रा होता. माणसाला काय लागतं? कुणीतरी म्हणावं लागतं, होतंय." मला वाटतं, चाचांच्या आयुष्यात त्यांनी दुरुस्त केलेली आणि बरोबर वेळ दाखवणारी ही एकच गोष्ट होती. 

त्या वर्षी पाऊस कमी पडला होता. उन्हाळा लागायच्या आधीच बेगमपुऱ्याकडं पाणी आटायला लागलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीच्या आवारात येऊन बसू लागल्या. नवे मोहतमीमसाहेब आले होते, हैदराबादचे, शेरवानी, रुमी टोपी, बोलणं मधासारखं. वाईट माणूस नव्हता. त्यांनी जुने नकाशे पाहिले आणि एका दुपारी आम्हा सगळ्यांना चिंचेच्या झाडांत घेऊन गेले. मुळं तोडून झाकण काढलं होतं. साहेबांनी छडीनं त्या काळ्या भोकाकडं दाखवलं. ही शाखा डोंगराच्या पायथ्याच्या एका झऱ्याशी जोडलेली आहे, मध्ये कुठंतरी बुजलीय, ती मोकळी झाली तर मोहल्ल्याचं पाणी परत येईल, असं त्यांनी सांगितलं. 

"दारोगा साहब, होगा?"

आम्ही सगळ्यांनी त्या एका शब्दासाठी कान तयार ठेवले होते. सवयच होती. 

शब्द आला नाही.

चाचा आपल्या पायांतल्या चपलांकडं बघत उभे होते. साहेब अजून हसरेच होते. त्यांना अजून कळलं नव्हतं की काय घडतंय. मला कळलं होतं. 

"होतंय, साहेब."

तुळशीराम होता. साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून. भोकाकडं त्यानं पापणीही वळवली नव्हती. अगदी शिकवल्यासारखं.

"शाबास!" साहेब म्हणाले.

मी चाचांच्या शेजारी होतो. त्यांचे ओठ हलले. एक शब्द पुरे होता. 'नाही' म्हणा, नाहीतर 'नक्को' म्हणा. दारोगाचा शब्द, साहेबांनी लगेच ऐकला असता. पण जो शब्द जन्मभर तोंडात येऊ दिला नाही तो ऐन वेळी जिभेला सापडतो थोडाच? आणि म्हणायचं तरी काय, की तुळश्या, तुला जे शिकवलं ते या एका भोकाला लागू नाही? 

साहेबांनी दोरी मागवली. तुळशीराम हसला. "दोरीचं काय काम न्हाय साहेब. आमचे चाचा बांधत न्हाईत." त्यानं वहाणा काढल्या, तोंडं बाहेर करून जोडून ठेवल्या, कंदील घेतला आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावून उतरला.

थोडा वेळ त्याच्या पावलांची पचपच ऐकू येत होती. मग खोकला. मग दुरून, घागरीतून बोलल्यासारखं,

"चाचा, कंदील इझला."

चाचा काठावर गुडघे टेकून बसले होते. "इझू दे. पुढं उजेड आहे, बेटा."

"दिसंना, चाचा."

"आहे. डाव्या हाताला बघ. बारीक आहे."

"वास लई यायलाय…"

"पुढं आहे, तुळश्या, पुढं."

यानंतर आवाज आला नाही. 

चाचांनी दोनदा हाक मारली. आणि मग ते उतरले. काठावर बसून नाही, आधी उजवी मग डावी असं नाही. ढासळल्यासारखे आत गेले. एक चप्पल उपडी पडली, दुसरीचा अंगठा सरळ भोकाकडं. साहेब "रस्सी लाओ, रस्सी!" म्हणून ओरडत होते आणि रस्सी चाचांच्या अंगणात गोधड्यांखाली होती. माणसं धावली. मी धावलो नाही. मी खाली बसून ती उपडी चप्पल सुलटी केली, दोन्ही जोडल्या आणि अंगठे शहराकडं वळवून ठेवल्या. का, ते विचारू नका. सर्टिफिकेटवाल्या माणसाला त्या वेळी तेवढंच सुचलं. मग मी भोकावर वाकून ओरडायला लागलो, "चाचा, पुढं उजेड आहे! चाचा, उजेड आहे पुढं!" वास असा होता की डोळ्यांतून पाणी आलं. मी ओरडतच राहिलो.

आतून खरखरीत आवाज आला. "खोटं बोलताय, ओव्हरसेर." मग श्वास. मग, "बोलत राहा. आवाजाकडं येतोय."

मी घसा फुटेस्तोवर खोटं बोललो.

ते तुळशीरामला बगलेत धरून, मागं मागं सरकत आले. आम्ही दोघांना ओढून काढलं. तुळशीरामच्या नाकातोंडात चिखल होता. कुणी पाणी मारलं, कुणी छाती चोळली. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास घेतला, असा, की गाभण म्हशीनं हुंकार भरावा. डोळे उघडले. वर चिंचेच्या पानांतून ऊन पडत होतं, त्याकडं तो बघत राहिला. मग त्यानं मान वळवून चाचांना शोधलं आणि म्हणाला,

"चाचा, उजेड नव्हता."

राग नव्हता त्यात. बाजारातून परत आलेल्या पोरानं 'गूळ मिळाला नाही' सांगावं तसं सांगितलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर त्या चाचांनी पेलल्या असत्या.

तुळशीराम वाचला. गावी गेला, शेती करतो. धान्याच्या पेवात कुणी उतरायला लागलं की उठून बाहेर जाऊन बसतो, एवढंच त्याच्या भावानं मला सांगितलं. आंधळीवर साहेबांनी पुन्हा झाकण बसवलं आणि वर दगड रचले. बायकांना पाणी बैलगाडीतून देण्याची काहीतरी व्यवस्था झाली.

चाचा रोज कचेरीत यायचे. दाढीची मेंदी उतरत गेली, ती पुन्हा लावली नाही. बोलायचे, चहा प्यायचे. पण एकदा ते घड्याळ बंद पडलं. साहजिकच होतं, चालत होतं हाच चमत्कार. मी मुद्दाम म्हणालो, "चाचा, बघा की जरा." त्यांनी मान वर करून घड्याळाकडं पाहिलं. 

"एखाद्या घड्याळवाल्याला दाखवा," म्हणाले. 

कचेरीत सगळे हसले. मी हसू शकलो नाही. 

मग आमच्या माणसांत एक गोष्ट सुरू झाली. कुणी शिकवली नाही, कुणी बोललं नाही. जो तो उतरायच्या आधी भोकाकडं बघायला लागला. जे पोटापाण्यासाठी वर्षानुवर्षं त्या बोगद्यांतून सरपटत गेले होते, ते काठावर पाय घासत उभे राहायचे. कुणाला ताप यायचा, कुणाच्या गावी सुतक पडायचं. मुळं नळांत वाढत होती. जमिनीखाली काहीतरी आवळत चाललंय, असं मला रस्त्यानं चालताना वाटायचं. 

पुढच्या हंगामात पहिलं तोंड उघडायचं होतं ते साधंच, बेगमपुऱ्याच्या अलीकडचं. चाचा आयुष्यभर त्यातून ये-जा करत आलेले. झाकण सरकवलं. माणसं अर्धवर्तुळ करून उभी होती आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सगळ्यांना एकच कळत होतं: आज चाचा उतरले तर आपण उतरू. नाहीतर ही नहर संपली.

मी त्यांना विचारलं. दुसरं कोण विचारणार? "चाचा, होईल का?"

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काही लपवल्यासारखं होणार नाही. त्या दिवशी त्या भोकात मी उतरलो. कमरेला दोरी बांधून, दोरीला वर सगळी माणसं लावून आणि वाटेत जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाका मारत. माझ्यासारखा माणूस परत येऊ शकतो म्हटल्यावर बाकीचे लाजेनं उतरले. पुढची सगळी वर्षं नहर आम्ही तशीच साफ केली. भोकाकडं नीट बघून, दोरी बांधून, घाबरत घाबरत. चालली. चाचांसारखी कधीच चालली नाही, पण चालली. चाचांनी त्याच आठवड्यात काम सोडलं, चाचींना घेऊन मुलीकडं अजिंठ्याला गेले. मला पुन्हा भेटले नाहीत. 

तर मी विचारलं, "चाचा, होईल का?" 

ते काठावर बसले. उजवी काढली, डावी काढली. जोडून ठेवली, अंगठे शहराकडं. मला हायसं वाटलं. मग ते उभे राहिले, आणि त्यांनी भोकाकडं पाहिलं. 

पुष्कळ वेळ पाहिलं. अर्धवर्तुळातल्या एकेका माणसानं ते बघितलं. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली, आणि मला कळलं की हा माणूस आत्ता स्वतःला तपासतोय. त्याच कसोटीवर, ज्यावर त्यानं शेकडो माणसं परत पाठवली. 

ते 'नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त पाय मागं घेतले, आणि चपला तयारच होत्या, तोंडं बाहेर करून. ते त्यांत शिरले आणि चालू लागले. 

भर दुपार होती. रस्ता पांढरा फटक, सावली नावाला नाही, ऊन असं की डोळे उघडे ठेववत नव्हते. त्या उन्हातून वहाबचाचा घराकडं निघाले होते, वाकून, सावकाश, आणि उजवा हात पुढं धरलेला. उलटा. तळवा स्वतःकडं आणि हाताची पाठ पुढं, एकेका पावलाला विचारत. 

मी ओरडणार होतो, पुढं उजेड आहे, चाचा. तोंडही उघडलं होतं. ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही.